बगळ्याच्या चोचीतली काकडी

१४ सप्टेंबर १९४२

आज कुल्केने सगळ्या गावाला नगरपालिकेच्या सभागृहात बोलावून जाहीर केलं की वेर्चाऊने एक पाणबुडी दत्तक घेतली आहे. कुल्के म्हणजे आमचे नगराध्यक्ष. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत घोड्यांची खोगिरं शिवायचा, आता कोटावर पक्षाचा बिल्ला लावून देशाला दिशा देतो. मोठमोठ्या शहरांनी बोटी दत्तक घेतल्या, मग आपणच का मागे, असं त्याचं म्हणणं. बोट कोरी आहे, अजून गोदीतून धड बाहेर पडलेली नाही. तिच्या मनोऱ्यावर आपल्या गावाचं चिन्ह, बगळा, रंगवणार. बदल्यात गावाने खलाशांचं कोडकौतुक करायचं, पार्सलं पाठवायची, सुट्टीत त्यांना जेवू घालायचं.

पार्सलात काय? तर खारवलेल्या काकड्या. म्हणजे वखार माझी, पिंपं माझी, शेपू माझा आणि टाळ्या कुल्केला.

बाहेर पडताना फ्रीडा नोआक सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांची पोरं आगीत उभी आहेत. आमच्या ब्राश्केबाईंचा एकहार्ट तेवढा स्वीनेम्युंडच्या बंदरात बसून टगबोटींच्या नळ्या पुसतोय. नशीब लागतं बाई!"

ही माझ्याच वखारीत काम करते. नवरा रशियात आहे म्हणून मी तिचं बोलणं ऐकून घेते. पण आज बायका हसल्या, बेकरीवालीसुद्धा हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माझा मुलगा इंजिनं दुरुस्त करतो. वीस वर्षांचा आहे, हात त्याच्या बापासारखे आहेत. लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?

२० सप्टेंबर

कुल्केला एक पत्र लिहिलं. चांगल्या कागदावर, तीनदा कच्चं करून. गावाची बोट आहे तर गावाचा एक तरी मुलगा तिच्यावर असावा, आणि माझा एकहार्ट इंजिनाच्या कामात तरबेज आहे, एवढंच. कुल्के वर लिहील आणि आपलंच डोकं म्हणून मिरवील, मिरवू दे. बोट वर्षभर बाल्टिकमध्ये सरावच करणार आहे. तोवर लढाई संपेलही. दत्तक गावाला भेट द्यायला खलाशी येतात, म्हणजे एकहार्ट सरकारी खर्चाने घरी येईल. आणि नोआकबाईचं तोंड बंद होईल ते वेगळंच.

९ ऑक्टोबर

झालं! एकहार्टची बदली आमच्या बोटीवर. कुल्केने सभागृहाबाहेरच्या फळ्यावर कागद लावलाय. नोआकबाईने वाचला, दोनदा वाचला, मग न बोलता काकड्या निवडत बसली. मी तिला मुद्दाम लहान काकड्यांच्या ढिगाशी बसवलं.

२१ नोव्हेंबर

बारा खलाशी आणि त्यांचा कप्तान व्हीटिंग दोन दिवस राहून गेले. कप्तान सत्तावीस वर्षांचा आणि दाढी ठेवायला बघतोय. कुल्केने पाऊण तास भाषण ठोकलं, तोवर माझी बदकं भट्टीत वाळून गेली. मग बोटीचा फोटो फिरवला. मनोऱ्यावर बगळा, आणि बगळ्याच्या चोचीत हिरवीगार काकडी!

कुल्केचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ही थट्टा कोणी केली? हे चिन्ह सातशे वर्षांचं आहे!"

कप्तान म्हणाला, "साहेब, सातशे वर्षं उपाशी होता बिचारा." सगळे खो खो हसले. काकडी एकहार्टने रंगवली होती. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

एकहार्ट मात्र गप्प. भांडी पुसायला आला तेव्हा मी विचारलं, "खूश नाहीस का?"

"वर्कशॉपमध्ये बरा होतो गं."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं. तुझ्या गावाने तुला मागून घेतलंय, जातोस ना? वीस जणं माझ्याकडे बघत होती. नाही कसं म्हणणार?"

मला रागच आला. गावात पोराची मान उंच झाली आणि ह्याचं तोंड वाकडं.

११ फेब्रुवारी १९४३

सरावात दुसऱ्या पाणबुडीने आमच्या बोटीला ठोकर दिली. कोणाला काही झालं नाही. नाक चेपलं, सात आठवडे गोदीत. कुल्के चरफडतोय, "आपली बोट लढणार कधी?" त्याच्या घरात तीन मुली. त्याला घाई असायला काय जातं! सात आठवडे गोदीत म्हणजे सात आठवडे माझं पोर जमिनीवर. त्या ठोकर देणाऱ्याला एक पिंप बक्षीस पाठवायला हवं.

२२ एप्रिल

गेले. कील बंदर सोडलं. पत्रात नुसतं, "आता बराच काळ पत्र नाही. काकड्यांचं पिंप टॉर्पेडोंच्या बाजूला बांधलंय. आई, वास एवढा आहे की काकड्यांचाच काय तो चांगला वास."

लढाई काही संपलेली नाही. स्टालिनग्राडनंतर कोणी त्याबद्दल बोलतसुद्धा नाही.

१४ जून

फ्रान्सच्या बंदरात सुखरूप पोचले. साडेसात आठवडे. एकही जहाज बुडवलं नाही. कुल्केने स्वागताची तार आधीच लिहून ठेवली होती, त्यात बुडवलेल्या जहाजांच्या आकड्यासाठी जागा सोडली होती. आज कचेरीत मला म्हणाला, "ब्राश्केबाई, जरा निराशाच झाली. पुढच्या खेपेला काहीतरी करून दाखवतील."

मी म्हटलं, "परत आले हे करून दाखवलं नाही का?"

"तसं नव्हे हो..."

"मग कसं? तुम्ही जा ना एकदा. खोगीर घालून बसा तिच्यावर."

कारकून खाली मान घालून हसला. मला माहीत आहे, हे बोलणं मला भोवेल. भोवू दे.

५ जुलै

एकहार्ट दहा दिवसांसाठी घरी. दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. चेहरा मेणासारखा आणि कपड्यांना डिझेलचा वास. तीनदा उकळले, वास जात नाही.

७ जुलै

आज भारी वैताग आला त्याचा. दुपारी मी त्याच्यासाठी बटाट्याचं सूप केलं, जवसाचं तेल मिळवून त्यात घातलं. तो जेवायला बसला आणि अंगणात नोआकबाईने नव्या पिंपांच्या पट्ट्या ठोकायला सुरुवात केली. हंगाम तोंडावर आलाय, पिंपं नकोत? तर हा चमचा हवेत धरून छताकडे बघायला लागला. प्रत्येक ठोक्याला ओठ हलत होते. मी दोनदा हाक मारली. सूप गार झालं.

"काय पुटपुटतोयस?"

"मोजतोय."

"काय मोजतोयस?"

"सदतीस. वरची जहाजं पाण्यात बॉम्ब टाकायची ते असेच वाजायचे," म्हणाला. मग उठला, बाहेर जाऊन नोआकबाईच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि कालव्यात फेकला. चांगला हातोडा, ह्याच्या बापाचा! मी खूप बोलले त्याला. जेवणाच्या ताटावरून उठायचं, कामाच्या बाईला घाबरवायचं, ही कुठली रीत? तो फक्त म्हणाला, "आई, तू एकदा दिवसभर ठोकणं बंद ठेव." हंगामात असं कसं बंद ठेवणार मी!

पण दुपारनंतर बंद ठेवलं.

११ जुलै

आज विचारलंच त्याने. कालव्यावर नाव वल्हवत होता, मी समोर बसले होते. "आई, माझं नाव कुल्केला कोणी सुचवलं?"

"कोण सुचवणार? त्याचंच डोकं. मिरवायचं होतं त्याला."

"आमच्या वर्कशॉपमधली सगळी पोरं अजून तिथेच आहेत. रविवारी पोहायला जातात." थोडा वेळ वल्हं तसंच पाण्यात धरून बसला. "एकदा कुल्केला गाठून विचारायचंय मला. मारणार नाही. नुसतं विचारायचंय."

"जाऊ दे रे, नगराध्यक्षाशी वैर नको," मी म्हटलं.

खोटं काय बोलले मी? वर अर्ज गेला तो कुल्केच्या सहीने. शिक्का त्याचा. तोच मिरवला.

१५ जुलै

गेला. स्टेशनवर कुल्के हजर, हातात फुलं. एकहार्टने त्याच्याकडे नुसतं बघितलं. फुलं घेतली नाहीत. गाडी हलल्यावर कुल्के मला म्हणाला, "पोरगा जरा तुटक झालाय नाही?" वर तोंड करून विचारतो मेला!

२४ ऑगस्ट

पत्र आलं. "परवा निघतोय. बगळा पार खरवडून गेला होता, तो मी परत रंगवला. ह्या वेळी काकडी जरा मोठी काढली, कप्तानाची फर्माईश. आई, रागावू नकोस, तो हातोडा मी नवा आणून देईन."

१९ सप्टेंबर

गेले तीन दिवस काकड्या धुताना तेच डोक्यात. आज बसून एकहार्टला खरं लिहिलं. की बाबा, मी लिहिलं होतं कुल्केला. बायका हसल्या म्हणून लिहिलं. त्याला तू विचारू नकोस, मला विचार. परत येशील तेव्हा हवं ते बोल, मी ऐकून घेईन. टपालात टाकून आले आणि हलकं वाटलं.

मग आल्यावर लगेच रागही आला. एवढं सगळं कबूल करायची गरज होती का? आईने काय वाईट इच्छिलं होतं?

४ नोव्हेंबर

एकहार्टची बदली झाली! माझी पाच पत्रं एका सुतळीत बांधून परत आली. सगळ्यांवर जांभळा शिक्का, "परत. नवा पत्ता कळेपर्यंत थांबावे." नवा पत्ता म्हणजे नवी जागा. कदाचित परत वर्कशॉपमध्ये घेतला असेल. तरबेज हात आहेत, कोण सोडेल? मी शिक्का नोआकबाईला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हो, बदलीच असेल." मग उगाचच माझ्यासाठी कॉफी केली, तिच्या वाटणीच्या जवाची.

१९ तारखेचं पत्र त्यातच होतं, पाकीट न फोडलेलं. बरंच झालं म्हणायचं. असल्या गोष्टी कागदावर नकोतच. समोर बसून सांगेन.

२८ नोव्हेंबर

बोटीसाठी नाताळची पार्सलं. माणशी एक, पन्नास. आमच्या वखारीत बसून सगळ्या बायकांनी बांधली. एक बरणी काकड्या, विणलेले मोजे, शाळेतल्या मुलांनी काढलेला बगळा. एकहार्ट आता त्या बोटीवर नाही, तरी मी सगळ्यांत जास्त बांधली. सुतळीला माझी ती दुहेरी गाठ, पिंपाच्या झाकणाला मारते ती. कुल्के आला, गाडीत भरून घेऊन गेला. एरवी दहा मिनिटं बोलल्याशिवाय हलत नाही, आज साधं धन्यवादसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. जून महिन्यातलं खोगिराचं बोलणं अजून मनात धरून बसलाय, दुसरं काय.

१९ डिसेंबर

नवा पत्ता अजून नाही. आरमाराला दोन पत्रं लिहिली. त्यांच्याकडे शिक्के मारायला माणसं आहेत, उत्तर लिहायला नाहीत.

२० जानेवारी १९४४



वखारीतला नळ गोठला म्हणून मी अग्निबंबाच्या शेडमध्ये रबरी नळी मागायला गेले. शेडवर कोणी नव्हतं. नळी शोधायला मागची ताडपत्री उचलली. खाली पार्सलं. पन्नासच्या पन्नास. सुतळी तीच, गाठ माझी. थंडीने बरण्या फुटून पाणी गोठलं होतं, मोजे बर्फात चिकटले होते.

एक पार्सल उचललं आणि तशीच नगरपालिकेत गेले. कुल्केच्या टेबलावर आपटलं. काच, बर्फ, काकड्या, सगळं त्याच्या कागदांवर.

"हे काय आहे?"

तो उठून दार लावायला गेला. मी म्हटलं, "उघडं राहू दे. हे काय आहे?"

"ब्राश्केबाई, बसा."

"बसत नाही. पार्सलं का नाही गेली?"

"पाठवू नका असं कळवलं होतं त्यांनी. तूर्तास."

"कधी?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ऑक्टोबरात."

ऑक्टोबरात! आणि नोव्हेंबरात आम्हाला मोजे विणायला लावले! मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. कारकून सांगतो, खाली चौकापर्यंत ऐकू आलं. कुल्के म्हणाला की वरून सक्त हुकूम होता, कोणाला सांगायचं नाही. पार्सलं बंद केली असती तर गावाने कारण विचारलं असतं. "मी तरी काय करणार होतो? तुम्हाला रोज बघतो मी. मला काय बरं वाटत होतं का?"

"पण एकहार्ट बोटीवर नाही! त्याची बदली झालीय! माझी पत्रं परत आलीत!"

तो टेबलावरचे काचेचे तुकडे एकेक करून गोळा करायला लागला. आणि त्यावरून मला कळलं. नोआकबाईला त्या शिक्क्यावरूनच कळलं होतं. कॉफी केली होती तिने. सगळ्या गावाला कळलं असेल. एकटी मी पार्सलांना दुहेरी गाठी मारत बसले होते.

मी म्हटलं, "तू माझं पोर नेलंस. चांगलं वर्कशॉपमध्ये होतं. तुझ्या भाषणासाठी नेलंस, तुझ्या फळ्यावरच्या कागदासाठी."

तेव्हा कुल्केने कपाट उघडलं, एक फाईल काढली, त्यातला वरचा कागद माझ्यासमोर ठेवला. वाईटपणाने नाही. मी ते पुष्कळदा आठवून बघितलं, वाईटपणाने नाही ठेवला.

चांगला कागद. तीनदा कच्चं करून लिहिलेलं. खाली पूर्ण नाव, ओटिली ब्राश्के.

मी तो कागद उचलून कोटाच्या खिशात घातला आणि घरी आले.

२३ जानेवारी

पत्र माझंच आहे. कुल्केने त्याला शिक्का मारला, वरच्यांनी नाव चढवलं, पण पत्र माझं आहे. एकहार्टला त्याबद्दल कळलं नाही. तो कुल्केला विचारणार होता.

१७ फेब्रुवारी

आरमाराचं पत्र. बेपत्ता. शेवटचा संदेश ३ सप्टेंबरला मिळाला, त्यानंतर हाकेला उत्तर नाही. कैदेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही लिहिलंय. अगदी नीट टंकलेलं, एक चूक नाही.

३ सप्टेंबर. मी खरं लिहिलं १९ तारखेला. म्हणजे तोवर वाचणाराच राहिला नव्हता. दोन आठवडे आधी लिहिलं असतं तरी पोचलं नसतं. जुलैत नावेत तो समोर बसला होता. तीन हातांवर. त्याने सरळ विचारलं होतं, मला सरळ सांगता आलं असतं, आणि मी म्हटलं, नगराध्यक्षाशी वैर नको.

माझाच मला एवढा राग येतो की भांडी हातातून निसटतात.

९ मार्च

नवी बोट. ह्या माणसांना काही म्हणजे काही वाटत नाही. सभागृह, झेंडे, कुल्के. जुनी बोट "दूरच्या खास कामगिरीवर" आहे म्हणून आरमाराने वेर्चाऊला दुसरी दिली. तिच्यावरही बगळा. मात्र चोचीत काकडी नको, अशी ह्या वेळी नगरपालिकेने लेखी सूचना केली आहे. मी मधेच उठून बाहेर आले. कुल्के बोलायचा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

१३ मार्च

आज नोआकबाई काम संपल्यावर घुटमळत राहिली. मी हात धूत होते.

"ब्राश्केबाई, एक मागायचं होतं. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"काय लिहायचंय?"

"आमच्या ऊडोसाठी. नव्या बोटीवर."

ऊडो तिचा मुलगा. अठरा वर्षांचा, नॉर्वेत किनाऱ्यावरच्या तोफेवर आहे. तिथे दिवसभर मासे पकडतो, असं तीच सांगते.

मी म्हटलं, "फ्रीडा, तुला कळतंय का तू काय मागतेयस?"

"चौदा महिने बघितलं नाही हो त्याला. बोटीवरच्यांना इथे यायला मिळतं. तुमचा आला नव्हता का, दोनदा? बारा दिवस मिळाला तुम्हाला. आणि ही बोट वेगळी आहे. हिला म्हणे नाक आहे, पाण्याखालून श्वास घेते, वर यावंच लागत नाही. कुल्केसाहेब सांगत होते." मग डोळे पुसत म्हणाली, "आणि एकहार्ट कैदेत असेल. बघा तुम्ही, इंग्रजांकडे पोटभर खात असेल."

खरं लिहायचं म्हणून ही वही ठेवलीय, तर खरं लिहिते. क्षणभर मला वाटलं, द्यावं लिहून. ह्याच बाईच्या बोलण्याने माझं डोकं फिरलं होतं. हिच्यामुळे बायका हसल्या होत्या. जाऊ दे हिचाही, मग कळेल हिला. मी दौतीचं झाकणसुद्धा उघडलं. नवरा हिचा अजून रशियात आहे, सहा महिने पत्र नाही, हेही मला माहीत होतं, आणि तरी उघडलं.

मग मी खणातून माझं ते पत्र काढलं आणि तिला वाचून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत, एकेक वाक्य थांबून. वाचून झाल्यावर म्हटलं, "हे मी लिहिलं होतं, फ्रीडा. कुल्केने नाही, मी. आता बोल."

ती ॲप्रनचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "किती छान लिहिलंय हो. मला अगदी असंच लिहून द्या. नुसतं नाव बदला."

मी पत्र तिच्यासमोर शेगडीत घातलं. तिला म्हटलं, चालती हो. ती रडत गेली. दारातून म्हणाली, "तुमचं झालं, आता दुसऱ्याचं बघवत नाही तुम्हाला." माझ्या हातात झारा होता, तो मी भिंतीवर फेकला.

१६ मार्च

तिने शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. अर्ज कालच कुल्केच्या टेबलावर गेला. कारकुनाने सांगितलं.

मी कुल्केकडे गेले. म्हटलं, "फाडून टाका."

तो म्हणाला, "आईची इच्छा आहे. मी कोण अडवणारा?"

"मला का नाही अडवलंत?"

कुल्केने बिल्ला चाचपला. हळूच म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

पहिल्यांदाच मला त्याला मारावंसं वाटलं नाही. त्याने मला आणखी चीड आली.

१८ मार्च

आज ऊडो नोआकला पत्र लिहिलं. त्याचा टपाल क्रमांक वखारीच्या फळीवर खडूने लिहिलेला आहे, त्याच्या आईनेच लिहिलाय.

मजकूर इथे उतरवून ठेवते. "ऊडो, तुझा साहेब तुला सगळ्यांसमोर उभं करून विचारील की तुझ्या गावाने तुला मागून घेतलंय, जातोस ना? वीस जणं बघत असतील. नाही म्हण. कान दुखतात म्हण, दम लागतो म्हण, भित्रा म्हणाले तर म्हणू दे. गावाने तुला मागितलेलं नाही. एका आईने मागितलंय, तिला मुलगा बघायचा आहे. माझ्या एकहार्टला असंच विचारलं होतं, आणि त्याला खरं सांगणारं कोणी नव्हतं. मी होते, मी सांगितलं नाही. ती बोट गेली. पन्नासच्या पन्नास गेले. तू तिथेच मासे पकडत बस."

पत्रं उघडून वाचतात हे मला माहीत आहे. असल्या मजकुराबद्दल कॉटबुसच्या एका पोस्टमनला काय शिक्षा झाली तेही माहीत आहे. बेकरीवाली म्हणाली असती, निदान नाव तरी घालू नका. पण निनावी पत्रावर पोरगा विश्वास का ठेवील? भलत्याच कोणा भित्र्याने लिहिलंय म्हणून फेकून देईल.

खाली लिहिलं, ओटिली ब्राश्के, काकड्यांची वखार, वेर्चाऊ. पहिल्या पत्राखाली पूर्ण नाव घातलं होतं, ह्याच्याखालीही घातलं.